फक्त ऐकणारी मशीन

पायातल्या चपला बाहेर काढल्याशिवाय दीपमालाला प्रयोगशाळेत शिरताच येत नसे. देवघर असतं तर गोष्ट वेगळी. पण लेझरच्या खोलीत अनवाणी जाणारी बाई अमरावतीच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजानं दुसरी पाहिली नव्हती. तिचं घर अकोटचं, घरचा पानमळा. पानमळ्यात चप्पल घालून कोणी पाऊल टाकत नाही, नागवेल रुसते म्हणतात. आता रुसते की नाही ते वेलीलाच विचारा, पण लहानपणी बापानं पाठीत धपाटे घालून लावलेली सवय पीएचडीला नाव घातल्यानं सुटते थोडीच! तिच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला दाराबाहेर दिसल्या की सगळ्यांनी समजायचं, बाई आत आहे, दार वाजवायचं नाही. चौकीदार पुंजाजी तर म्हणायचा, "म्याडम मळ्यात गेल्या."

मळा कसला, कोंडवाडा होता तो. कॉलेजची जुनी अडगळीची खोली. उजेड नको म्हणून खिडक्या विटांनी बुजवलेल्या, भिंतींना काळा रंग, लोखंडी दार आणि त्याला आतून कडी. मे महिन्यात अमरावतीत कावळासुद्धा सावली सोडत नाही, त्या दिवसांत ही पोरगी त्या भट्टीत बसून राहायची. मधूनच वीज गेली की कूलर बंद, दिवा बंद, घामानं डोळे चुरचुरायचे, आणि काळोखात हात कुठे ठेवावा तेही कळायचं नाही. सात वर्षं झाली होती याला. बरोबरीच्या मैत्रिणींची पोरं शाळेत जायला लागली.

त्यात दिवस हे असे. कपाशीनं लागोपाठ दगा दिला तशी खेड्यांतली पोरं कॉलेजात येईनाशी झाली. वर्ग ओस पडले, दोन शाखा बंदच झाल्या. तिचे मार्गदर्शक देवानंद सर, माणूस चांगला पण बोलायला रोखठोक; त्यांनी तिला तोंडावर सांगून टाकलं होतं, "जूननंतर या खोलीचं काही खरं नाही. त्याच्या आत पूर्ण चित्र काढ, दीपमाला. मग तू सुटलीस." सुटायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. नाही जमलं तर सात वर्षांचं गाठोडं उचलायचं, अकोटला परत जायचं आणि येईल त्या पहिल्या स्थळापुढे मान खाली घालून बसायचं.

चित्र कशाचं, तेही सांगायला हवं. ती मशीन मोठी चमत्कारिक होती. लेझरचा एक झटका द्यायचा, पापणी लवायच्या आत संपणारा. ज्या शिरेवर उजेड पडतो ती शीर तो गिळते, कणभर तापते, कणभर फुगते, आणि फुगताना आवाज करते. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब चर्र करतो ना, तसं. फक्त आपल्या कानांना न ऐकू येणारं. तो आवाज पाण्यातून झेलायचा आणि त्यावरून शिरेचं चित्र काढायचं. उद्या माणसाच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या चिरफाड न करता अशाच दिसाव्यात म्हणून हा सगळा उपद्व्याप. रक्ताच्या आधी सरावाला दीपमाला घरच्या मळ्यातलं पान घ्यायची, कुजवून नुसती शिरांची जाळी ठेवायची, शाईत बुडवायची आणि मशीनखाली धरायची.

दुखणं एकच होतं. मशीनला कान एकच. त्याच्या समोरची शीर त्याला छान ऐकू यायची. पण जी शीर वळून आडबाजूला गेली तिचा आवाज दुसरीकडेच जायचा, आणि चित्रात त्या जागी काहीच नसायचं. अर्धं पान कोरं! जिथे शीर आहे हे ती आपल्या डोळ्यांनी बघत होती, तिथे मशीन म्हणायची, नाही. खोटारडी मेली. दीपमालानं त्या एका कानापायी किती डोकं फोडलं याचा हिशेब नाही. उपाय तिला ठाऊक होता: एका कानाऐवजी रांगेनं पुष्कळ कान बसवायचे आणि ती रांग पानाभोवती थोडी थोडी फिरवायची. एकाला नाही ऐकू आलं तर दुसऱ्याला येईल. पण तसली कानांची रांग परदेशातून यायची, आणि कॉलेजकडे साधा कूलर बदलायची ऐपत उरली नव्हती.

ती रांग तिला अकोल्यात मिळाली. गयासुद्दीन चाचा म्हणून एक म्हातारे तिथे दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करत. भंगारात निघालेल्या एका सोनोग्राफी मशीनचा प्रोब त्यांच्या फळीवर धूळ खात पडला होता. डॉक्टर पोटावर फिरवतात तोच. त्याच्या तोंडाशी शंभरावर बारीक कान एका ओळीत बसवलेले असतात. चाचांनी तो तिच्या हातावर ठेवला.

"ले जा बेटी. मगर सुन. आवाज छोडनेवाली लाइन मैंने काट दी है. अब ये बोलता नहीं, खाली सुनता. और इसका सरकारी कागज बना लेना, आजकल लय सख्ती चालू है."

सख्ती होतीच. पोटातली पोरगी ओळखून पाडणाऱ्यांवर त्या वर्षी गावोगाव छापे पडत होते. एसटी स्टँडच्या भिंतींवर तक्रारीचे फोन नंबर रंगवले होते. पण दीपमालाला आपली मशीन आणि ती भानगड यांचा संबंध कसा सुचावा! ती बघत होती पान. कागदाचं सर म्हणाले, "करू की," आणि विसरले.

प्रोब बसला. दोनचार दिवस त्यानं हट्ट केला आणि मग एका दुपारी पडद्यावर पान उमटलं. सगळं पान! आडवी, उभी, वळलेली, एकही शीर लपली नव्हती. दीपमाला त्या काळ्या खोलीत एकटीच रडली, ढसाढसा रडली, आणि बाहेर येऊन पहिला फोन घरी लावला, भावाला.

"दादा, झालं रे! सोनोग्राफीचा प्रोब लावला मशीनले. आता शीर न् शीर दिसते. काहीच लपत नाही, तुले सांगतो!"

"हाव काय," मोतीराम म्हणाला. "येतो मी रविवारी."

कौतुक करायला येतो आहे, असं तिला वाटलं. घ्या!

रविवारी सकाळच्या एसटीनं मोतीराम आणि आई पार्बताबाई दोघं आले. फडक्यात भाकरी, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. प्रयोगशाळेसमोरच्या कडुनिंबाखाली तिघं जेवायला बसली. पुंजाजी पलीकडे खुर्चीत पेंगत होता, निदान तसं दिसत होतं. जेवण झालं. मग मोतीरामनं हात धुतले आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "कुंदाले चौथा महिना लागला."

कुंदा म्हणजे त्याची बायको. दीपमाला हसली. "अरे व्वा! मंग सांगितलं काहून नाही?"

"दोन पोरी हायेत, दीपा."

एवढंच तो म्हणाला, आणि एवढ्यातच तिला सगळं कळलं. "दादा, माह्या मशीनमंधी असलं काही दिसत नाही. थे फक्त ऐकते. कातडीच्या नखभर खाली गेलं का तिले काहीच कळत नाही."

"तूच तं म्हनली काही लपत नाही म्हनून."

"पानाचं म्हटलं मी! पानाचं!"

"आवाज कमी कर," पार्बताबाई म्हणाली.

"माय, गुन्हा आहे हा. जेलात जातीन सगळे."

"गुन्हा मले नको शिकवू," मोतीराम एकदम भडकला. "हे वर्स कसं गेलं मले माईत नाही काय? इहीर आटली, अर्धी वेल जळून गेली, उरली तिच्या पानाचं गिऱ्हाईक गुटख्यानं खाल्लं. तिसरी पोरगी काय वेलीले टांगून ठेवू मी? तू नाही पायलं तं नको पाहू. अकोल्याले एक जन पायते, लपूनछपून. तिथं नेतो. पन थो परका मानूस, त्याची मशीन कशी, हात कसा. घरची पोरगी असताना मी काहून तिथं जाऊ?"

पार्बताबाईनं मग तिचं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "बाप गेला तवा यानं दहावीतून दप्तर फेकून देल्लं अन् मळ्यात उतरला. कोनासाठी? तुह्यासाठी. आजपावतर एक शब्द बोलला काय? आज एकडाव तोंड उघडलं त्यानं, बाई."

हे खरं होतं, हीच तर पंचाईत. मोतीराम वाईट असता तर तिनं त्याला दोन शिव्या हासडून वाटेला लावलं असतं. पण हा तोच भाऊ, ज्यानं तिच्या हॉस्टेलच्या पहिल्या दिवशी गादी डोक्यावरून वाहून आणली होती. त्याला तिनं काय सांगावं? नाही म्हटलं तर कुंदाला अकोल्याला नेणार. हो म्हटलं तर आपल्याच हातानं आपली मशीन बाटवायची. भिंतीत चिणून घेतल्यासारखं तिला झालं. जाताना मोतीराम म्हणाला, "पुढच्या रविवारी घेऊन येतो तिले." तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यानं ते हो धरलं.

तो आठवडा तिनं कसा काढला तिचं तिला माहीत. मशीन रोज सुरेख चालत होती, सर खुशीत होते, आणि हिला अन्न गोड लागत नव्हतं. शेवटी तिनं मनाशी ठरवलं: कुंदाला आत न्यायचं, थोडा वेळ बसवायचं, आणि बाहेर येऊन सांगायचं, 'नाही दिसलं बाबा, मशीनमध्ये दम नाही.' एवढं करून आपण सुटलो. पुढचं त्यांचं ते बघतील. असा विचार केल्याची तिला लाज वाटली, पण ठरवलं खरं.

रविवारी तिघं आली. ऊन मी म्हणत होतं. कुंदा गोरीमोरी झालेली, पदर तोंडावर. मोतीराम आणि पार्बताबाई कडुनिंबाखाली बसले. पुंजाजी आज खुर्चीत नव्हता, पण त्याच्याकडे बघायला कोणाला सवड होती! दीपमालानं सवयीनं दाराशी चपला काढल्या. कुंदाही त्याच घरची सून, तिनंही काढल्या. दोन जोड शेजारी शेजारी राहिले आणि आतून कडी लागली.

आत दीपमालानं मेजावरचा छोटा दिवा लावला. कुंदा काळ्या भिंतींकडे बघत उभी होती. "वहिनी, भेऊ नका. मी काही करत नाही तुम्हाले. या मशीनमंधी पोटातलं दिसतच नाही. बसा थोडं. बाहेर जाऊन मी सांगतो, नाही दिसलं म्हणून."

कुंदानं तिचा हात गच्च धरला. "असं नका करू, ताई. नाही दिसलं म्हनलं तं हे मले उद्याच अकोल्याले नेतीन. माह्यं एक गेलं हाय."

"काय गेलं?"

"मागच्या साली मी माहेरी आजारी होती म्हनून तुमाले सांगतलं नं यायनं? आजारी नव्हती मी. अकोल्याले नेलं होतं. थे पोरगीच होती." ती रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. "तुमच्या माय मारोतीले नारळ फोडून आल्या त्या दिवशी. मी दोन महिने उठली नाही, कोनं विचारलं? ताई, तुमी पोरगा हाय म्हनून सांगा."

"आणि पोरगी झाली तर?"

"झाली तं झाली! एकडाव बाहेर आली, रडली, मंग कोनाच्या बापाची हिंमत हाय? पन आता पोरगा म्हना. तुमच्या पाया पडतो मी."

सात वर्षं या खोलीत दीपमालानं एकच काम केलं होतं: जे आहे ते दिसावं, नाही ते दिसू नये. पण कुंदानं धरलेला तिचा हात अजून सोडला नव्हता. "बरं," ती म्हणाली. "पोरगा म्हणतो."

थोडा वेळ काढायचा म्हणून तिनं कुंदाला पान दाखवलं. लेझर टकटक करू लागला, पडद्यावर एकेक शीर उमटत गेली. "आपल्या मळ्यातलं?" कुंदानं विचारलं, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू आलं. तेवढ्यात दारावर थाप पडली, आणि मग धडाधड थापा सुरू झाल्या.

"उघडा! पथक आहे!"

पुंजाजी झोपला नव्हता, कुठल्याच रविवारी झोपला नव्हता. कडुनिंबाखालचा शब्द न् शब्द त्यानं ऐकला होता आणि स्टँडवरच्या नंबरावर फोन केला होता. त्याला तरी काय दोष द्यायचा? त्याला चार नाती होत्या. पथक आलं तेव्हा खोली बाहेरून बंदच दिसत होती; दार काळं, खिडकी नाही, आवाज नाही. नेहमीसारखी रविवारची बंद खोली समजून ते लोक फिरलेही असते. पण पुंजाजीनं बोट दाखवलं, "चपला पाहा नं म्याडम. एक जोड आमच्या म्याडमचा. दुसरा कोनाचा?"

दार उघडलं तसं ऊन अंगावर कोसळलं. समोर पथकाच्या प्रमुख डॉक्टर अफिफा, मागे दोन पोलीस आणि फोटो काढणारा एक कारकून. त्यांना काय दिसलं? अंधारी खोली, बुजवलेल्या खिडक्या, पोटुशी बाई आणि सोनोग्राफीचा प्रोब. दीपमालानं ते त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिला वाटलं, संपलं.

देवानंद सरांना घरून बोलावलं. बिचारे लेंग्यावरच स्कूटर हाणत आले. त्यांनी घामाघूम होत सगळं समजावून सांगितलं: हा प्रोब आवाज सोडतच नाही, सोडणारी तार कापलेली आहे, ही बघा, हा फक्त ऐकतो, उजेड कातडीच्या आत फार जात नाही, पोटातलं मूल दिसायचा प्रश्नच नाही. पडद्यावरचं पान दाखवलं. डॉक्टर अफिफांनी सगळं शांतपणे ऐकलं, तार हातात घेऊन पाहिली. मोतीराम आणि पार्बताबाईला पोलिसांनी झाडाखालून उठवून दाराशी आणून उभं केलं होतं.

"सर, मला तुमचं पटतंय," डॉक्टर अफिफा म्हणाल्या, आणि दीपमालाकडे वळल्या. "पण मला हिच्या तोंडून ऐकायचं आहे. हे बघ, मुली. तू काही पाहिलं नसशील, काही सांगितलं नसशील, तर इथे गुन्हा नाही. प्रोबच्या कागदांचं सर निस्तरतील, खोली चार दिवसांत उघडेल, ही माणसं आत्ता आपल्या घरी जातील. आणि पाहिलं असशील तर यंत्र सील होईल, तुझ्यावर खटला होईल. या बाईचं नाव माझ्याकडे नोंदलं जाईल, आणि बाळंत होईपर्यंत दर आठवड्याला माझी नर्स हिच्या दारात उभी राहील. हिच्या पोटाला कोणी हात लावू शकणार नाही. सांग. पाहिलंस?"

सर जोरजोरात मान हलवत होते, नाही म्हण, नाही म्हण. आणि नाही हेच खरं होतं! आयुष्यात इतकं सोपं खरं तिला कधी कोणी विचारलं नव्हतं. एक शब्द, आणि खोली उघडणार, जूनमध्ये चित्र पूर्ण होणार, ती सुटणार. ही माणसं घरी जातील.

घरी, आणि घरून अकोल्याला. मोतीराम जमिनीकडे बघत उभा होता, पण त्याचे कान तिच्याकडे होते, हे तिला दिसत होतं.

"पाहिलं," दीपमाला म्हणाली. "पोरगा आहे."

"अगं काय बोलतेस!" सर ओरडलेच. "मॅडम, ती घाबरली आहे. यात दिसूच शकत नाही."

"दिसते सर. मी रात्री तार जोडली होती, आता पुन्हा तोडली." थापही अशी की शेंबड्या पोराला पटू नये, पण ती सरांकडे बघत नव्हती, भावाकडे बघत होती. "मीच बोलावलं यायले. दादाले, मायले काही माहीत नव्हतं. सगळं माह्यं काम आहे. लिहून घ्या मॅडम, वहिनीचं नाव आधी लिहा."

डॉक्टर अफिफांनी तिच्याकडे पाहिलं, मग कुंदाकडे, मग परत तिच्याकडे. त्यांना काय समजलं आणि काय नाही, कोण जाणे. "लिहून घ्या," त्या कारकुनाला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा उतरला होता.

पुढचं सगळं भराभर झालं. लेझर बंद झाला, दिवा विझला, पान पाण्यातच राहिलं. लोखंडी दाराला कुलूप लागलं, त्यावर पट्टी आणि लाखेचा लाल ठिपका. सर पायरीवर बसून दोन्ही हातांनी डोकं धरून होते. तिला त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले असते तर सगळं सांगून टाकलं असतं, म्हणून ती दूर उभी राहिली. जिच्यातून सुटायला सात वर्षं धडपडली ती खोली बाहेरून बंद झाली होती, आणि तरी आपण आतच राहिलो आहोत असं तिला वाटत होतं.

पोलीस तिला गाडीकडे न्यायला लागले तसा मोतीराम खाली वाकला. तिच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला उचलून त्यानं तिच्या पायांपुढे नीट ठेवल्या. तिला वाटलं, आता हा रडेल, माफी मागेल, काहीतरी बोलेल.

"दीपा," तो कुजबुजला, "पक्कं पायलं नं?"

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही.

"पक्कं, दादा."

जामीन झाल्यावर ती अकोटला आली. दुसरीकडे जाणार कुठे! कॉलेजनं नाव कमी केलं, सरांनी फोन उचलणं सोडलं. आणि घरी तिचे लाड काय विचारता! पार्बताबाई तिच्या ताटात तूप वाढायची. मोतीराम मळ्यातून शीळ घालत यायचा, पोराच्या नावानं नव्या वेलींचा वाफा लावला म्हणायचा. खटल्याच्या तारखेला तो स्वतः तिला अमरावतीला न्यायचा आणि वाटेत तिला उसाचा रस पाजायचा. नर्सबाई दर आठवड्याला दारात हजर, तिलाही चहा. त्या सगळ्या आनंदात दोघीच जणी खऱ्या गोष्टीवर बसून होत्या, आणि दोघींनाही एकमेकींशी बोलायची चोरी. चुलीपाशी कुंदाची नजर तिच्या नजरेला भिडली की दोघीही चटकन भलतीकडे बघत. पोरगा झाला तर? तसंही होऊ शकत होतं. दीपमाला रोज मनात म्हणायची, होऊ दे पोरगाच, आणि मग स्वतःलाच शिव्या द्यायची.

दिवाळीच्या आसपास कुंदा अकोटच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. दीपमाला बाहेर व्हरांड्यात बसली होती. आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. थोड्या वेळानं मोतीराम बाहेर आला. त्याचा चेहरा पडला होता. हातातला पेढ्यांचा पुडा तसाच बांधलेला.

"पोरगी हाय," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघत राहिला, रागानं नाही, कीव आल्यासारखा. "सात वर्सं घालवली तू त्याच्यापायी. अन् खोटी निघाली तुही मशीन."

तिच्या डोळ्यांपुढे ते पान उभं राहिलं, कुलपामागे पाण्यात पडलेलं. आडवी, उभी, वळलेली, एकही शीर न लपलेली.

"हाव दादा," ती म्हणाली. "खोटीच होती थे."

मग तिनं दाराशी चपला काढल्या आणि पोरीला बघायला आत गेली.